शेवंतीचे गणगोत

फुलांच्या बाबतीत माणूस मोठा आळशी प्राणी आहे. माणसांच्या ओळखीत तो सहसा हार खात नाही. लग्नाच्या मांडवात दहा वर्षांनी दिसलेली चुलत सासूची जाऊ तो बरोबर हेरतो. तिचे माहेर कुठले आणि तिच्या धाकट्या दिराचे काय झाले, हेही सांगतो. पण मध्ये पिवळे बटण आणि भोवती पांढऱ्या पाकळ्या असे एखादे फूल बांधावर दिसले, की त्याची वासलात दोन शब्दांत लागते. मराठी शाळेत शिकलेला म्हणतो, "शेवंतीसारखं काहीतरी." इंग्रजी शाळेत शिकलेला म्हणतो, "डेझी." दोघांचेही तेवढ्यावर भागते. फुलाचे भागते की नाही, हे कोणी विचारत नाही.

मी पेशाने शिक्षक. शिक्षण बेताचे, मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा वनस्पतिशास्त्र माझ्या वाट्याला आले ते शाळेच्या पुस्तकात मावेल एवढेच. सवड सापडेल तेव्हा कादंबऱ्या लिहितो, आणि कादंबरीकाराचे फुलांवाचून पान हलत नाही. नायिका म्हटली की अंगण आले, अंगण म्हटले की झाड आले. त्यासाठी मी स्वतःपुरता एक नियम केला आहे : ज्याचा वास आपण स्वतः घेतलेला नाही, ते फूल नायिकेच्या केसांत माळायचे नाही. या नियमामुळे माझ्या नायिका मोगरा, अबोली, शेवंती यांच्यापलीकडे गेल्या नाहीत. अबोलीला वास नसतो हे खरे. पण वास नाही, हे कळायलाही ती एकदा हुंगावी लागतेच.

हा नियम किती शहाणपणाचा आहे, हे मला आईने शिकवले. ती गोष्ट तुम्हांला सांगायची आहे. पण त्यासाठी आधी जर्मनीला जावे लागेल.

माझी भाची मनू गेली तीन वर्षे तिकडे लाइपझिगजवळ शिकते आहे. मागच्या उन्हाळ्यात ती सुट्टीवर आली तेव्हा तिने आजीसाठी चहाची एक खोकी आणली. कॅमोमाइलचा चहा. आईला झोप येत नाही. वडील गेल्यापासून तिची रात्र मोठी झाली आहे, आणि त्यातच काचबिंदूने तिचे डोळे कडेकडेने विझत चालले आहेत. दिवसा घरात माणसांचे आवाज असतात, त्यांच्या आधाराने ती वावरते. रात्री आवाज थांबले, की तिला कशाचाच आधार राहत नाही. मग ती पलंगावर बसून राहते. दोन वाजता, तीन वाजता आतून बांगड्यांचा बारीक आवाज येतो आणि मला कळते, की आई जागी आहे.

आई रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते, म्हणून आम्ही आधी आमच्या डॉक्टरांना विचारले. आणि ते बरे केले. कारण या फुलाचा काढा तशा काही गोळ्यांच्या कामात ढवळाढवळ करू शकतो. शिवाय ज्यांना या कुळातल्या झाडांच्या परागांचे वावडे असते, त्यांना हा चहा बाधू शकतो. डॉक्टरांनी गोळीचे नाव पाहिले, अधूनमधून एक पातळ कप घ्यायला हरकत नाही म्हणाले, आणि झोपेची फारशी आशा मात्र दाखवली नाही. त्या रात्री पहिला कप झाला. आईने तो ओठांना लावण्याआधी नाकाशी धरला.

"सफरचंदासारखा वास आहे गं," ती मनूला म्हणाली.

मनूने तिच्याकडे आश्चर्याने पाहिले. कारण त्या नावाचा अर्थच तो आहे. जुन्या ग्रीकांनी या रोपाला 'जमिनीवरचे सफरचंद' म्हटले. त्याचा अपभ्रंश होत होत 'कॅमोमाइल' झाले. स्पेनमधले लोक त्याला 'मान्सानिया' म्हणतात, म्हणजे छोटे सफरचंद. हजारो कोस दूरच्या आणि दोन हजारांवर वर्षांपूर्वीच्या माणसांचे नाक आणि सातारा जिल्ह्यातल्या एका म्हातारीचे नाक यांचे असे एकमत झाले, तेव्हा मला त्या फुलाविषयी पहिल्यांदा आदर वाटला.

आपल्या देशाला हे फूल अगदीच परके नाही. फारसीत त्याला 'बाबूना' म्हणतात. याच नावाने युनानी हकिमांनी ते इकडे वापरले, आणि लखनौच्या बाजूला त्याची शेतीही होते. इजिप्तमध्ये तर ते शेतेच्या शेते भरून पिकते आणि तिथून वाळवून युरोपात जाते. इंग्रज मुलांना त्याची ओळख एका सशाच्या गोष्टीतून होते. बिअॅट्रिक्स पॉटर या बाईंनी १९०२ साली छापलेल्या त्या गोष्टीत पीटर नावाचा वांड ससा दुसऱ्याच्या मळ्यात हुंदडून, घाबरून, दमून घरी येतो; तेव्हा त्याची आई त्याला निजवते आणि कॅमोमाइलचा चहा पाजते. आपल्याकडच्या एखाद्या आईने सुंठेचा काढा पाजला असता, एवढाच फरक.

मनू परत गेल्यावर जूनमध्ये एका रविवारी तिने माझ्या फोनवर चार छायाचित्रे पाठवली. खाली लिहिले होते, "मामा, यांतला आजीचा चहा कोणता, ओळख." चारही चित्रांत तेच : पिवळे बटण, पांढऱ्या पाकळ्या, बडीशेपेसारखी बारीक चिरलेली पाने. घरात जणू परीक्षाच बसली. माझी पत्नी म्हणाली, पहिले. मुलगा म्हणाला, तिसरे. का, तर त्यात ऊन चांगले पडले आहे. मी चष्मा काढून पाहिले, घालून पाहिले. सबंध आयुष्य दुसऱ्यांना प्रश्नपत्रिका वाटण्यात गेले असल्यामुळे स्वतः उत्तर देण्याची सवय मला राहिलेली नाही.

आई कोपऱ्यात शेंगा सोलत होती. तिला अर्थातच कोणी विचारले नव्हते. तीच म्हणाली,

"अरे, वास कसा आहे म्हणावं एकेकाचा?"

आम्ही सगळे गप्प झालो. फोनमधून वास येत नाही. आणि खरे उत्तर नेमके वासातच होते.

संध्याकाळी मनूने फोनवरून सगळा उलगडा केला. त्या चार चित्रांतले एकच खरे कॅमोमाइल होते, ज्याला गोड वास येतो ते. दुसरे त्याचे बिनवासाचे भावंड : दिसायला थोडे अधिक ठसठशीत, पण चुरगळून नाकाशी न्यावे तर काही नाही. तिसरे शेतातल्या गव्हात उगवणारे, तेही दिसायला तंतोतंत. वास अगदी पुसट. आणि चौथ्याला इतकी दुर्गंधी, की इंग्रजीत त्याच्या नावातच ती घातलेली आहे. या चौथ्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात. पूर्वी हाताने पिके कापणाऱ्या मजुरांचे हात त्याने सोलून निघत. म्हणजे चौघांची तोंडे एकसारखी आणि गुण चार तऱ्हांचे. त्यांतले कोणते पेल्यात पडते, यावर सगळे अवलंबून.

ज्याला नाकाचा भरवसा वाटत नाही त्याच्यासाठी दुसरी खूण आहे. फूल घ्यायचे आणि नखाने त्याच्या पिवळ्या बटणाचा उभा छेद करायचा. खऱ्या कॅमोमाइलचे बटण शंकूसारखे उंच असते आणि आतून पोकळ निघते, एखाद्या छोट्या देवळाच्या शिखरासारखे. बिनवासाच्याचे आत भरीव असते. रोमन कॅमोमाइल म्हणून आणखी एक आहे, तेही सुवासिक आणि औषधी. त्याचे बटण भरीव, आणि फुलांच्या मधूनमधून बारीक कोंड्यासारखी खवली. दुर्गंधी फुलातही तशी खवली असतात, पण तिथवर पोचण्याआधीच नाकाने निकाल दिलेला असतो. एवढे करूनही कोणाला कंटाळा आला नसेल तर एक पाचवे भावंड आहे. त्याने पांढऱ्या पाकळ्या ठेवलेल्याच नाहीत. नुसती हिरवट पिवळी बोंडे. ती चुरगळली तर अननसाचा वास येतो. ही मंडळी मूळची युरोपातली नव्हेत; एकोणिसाव्या शतकात तिथे शिरली आणि माणसांच्या जोड्यांना, गाड्यांच्या चाकांना लागलेल्या चिखलातून बिया पसरवीत रस्तोरस्ती झाली. पायाखाली तुडवले जाण्यावर त्यांचा संसार चालतो.

आता अशा भावंडांची नावे ठेवताना शास्त्रज्ञांची तरी त्रेधा उडू नये? लिनीअस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली जगातल्या वनस्पतींची शिस्तवार यादी छापली. पण या चौकडीत त्याच्याही कागदपत्रांत असा काही घोळ राहिला, की पुढे दोनशे वर्षे खऱ्या कॅमोमाइलचे बारसे पुन्हापुन्हा होत राहिले. शेवंतीचेही तेच. लिनीअसने एका शेवंतीला 'भारतीय' असे आडनाव लावले. ती बिचारी चीन-जपानकडची. विसाव्या शतकात तर बागेतल्या शेवंतीचे 'ख्रिसँथेमम' हे नावच, म्हणजे 'सोन्याचे फूल' हे नाव, काही काळ काढून घेतले होते आणि शतकाच्या अखेरीस ते तिला सन्मानाने परत देण्यात आले. फुले मात्र या काळात ठरल्या वेळी फुलत होती. नाव बदलले म्हणून एकाही शेवंतीने कार्तिक चुकवल्याचे ऐकिवात नाही.

या एकसारख्या तोंडांचे रहस्य त्यांच्या बांधणीत आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते एक फूल नसतेच. ते फुलांचे गाव असते. मधल्या पिवळ्या बटणातला प्रत्येक कण हे एक संपूर्ण, नळीसारखे, पाच दातांचे फूल. आणि कडेची प्रत्येक पांढरी पाकळी हेही एक वेगळे फूल, ज्याने आपली नळी एका बाजूला जिभेसारखी लांबवलेली असते. कडेच्यांचे काम माश्या-फुलपाखरांना लांबून हाक मारण्याचे. मधल्यांचे काम पाहुणे आले की त्यांची सरबराई करण्याचे. ही मधली फुले एकदम उमलत नाहीत. कडेपासून आत, एकेका रांगेने उमलत जातात, म्हणजे पाहुण्यांना चार दिवस पुन्हापुन्हा यावेसे वाटते. सूर्यफुलाच्या एका चाकात अशी हजारावर फुले असू शकतात. एकत्र कुटुंबाची ही युक्ती इतकी यशस्वी ठरली, की आज या कुळात तीस हजारांहून अधिक जाती मोजल्या जातात. सपुष्प वनस्पतींत त्यांच्याशी बरोबरी करील असे घराणे ऑर्किडचेच.

मी वर्गात हे सांगितले तेव्हा मुलांचा विश्वास बसला नाही. म्हणून शाळेच्या कुंपणाकडेची एकदांडी तोडून आणली. तुमच्याही अंगणात ती असेल : लांब एकट्या देठावर लहानसे पिवळे फूल, कडेला मोजक्या फिकट पांढऱ्या, टोकाशी दातेरी पाकळ्या. पडून गुडघा फुटला की हिचाच पाला चोळून आपण लहानपणी रक्त थांबवले. कॅमोमाइलची ही लांबची चुलत बहीण मूळ अमेरिकेतली. पण तिचा पाला आपल्या हाताला इतका सवयीचा झाला आहे, की आता तिला परकी म्हणणे कोणाला पटायचे नाही. मुलांना म्हटले, "मोजा, यात फुले किती." पोरांनी दोन मिनिटे मोजून नाद सोडला. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी तास संपेपर्यंत सहसा तोंड उघडत नाही, ती ते फूल रुमालात बांधून घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर तळहात उघडला. त्यावर पेनाने लिहिले होते : कडेची पाच. मधल्यांचा आकडाही लिहिला होता, पण तो घामाने पुसून गेला होता.

"मग?" मी विचारले.

"परत मोजते," ती म्हणाली, आणि कुंपणाकडे गेली.

एकदा हे कुळ ओळखता यायला लागले, की दिवाळीच्या दिवसांत घरात कुठे कुठे त्याची माणसे बसली आहेत ते दिसू लागते. दाराच्या तोरणातला झेंडू त्याच कुळातला. तो मेक्सिकोकडून आला, आणि तिकडचे लोक याच सुमाराला, नोव्हेंबरच्या आरंभी, आपल्या पितरांच्या स्वागतासाठी त्याच झेंडूच्या पायघड्या घालतात. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरच्या सणाला थडग्यांवर शेवंती ठेवतात. तिथे कोणाच्या घरी जेवायला जाताना शेवंतीचा गुच्छ नेला तर यजमानीण दचकेल. चकली ज्या करडईच्या तेलात तळायची ती करडई याच घराण्यातली. फराळाने तोंड गुळमट झाले की भाकरीबरोबर आठवते ती कारळ्याची चटणी, तीही. पावसाळा सरताना सह्याद्रीची पठारे पिवळी करणारी सोनकी यांचीच. केसांना लावायच्या तेलातला माका यांचाच. आणि प्रत्येक मोठ्या कुळात निघते तशी एक नतद्रष्ट शाखाही आहे : गाजर गवत. १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली, आणि आज त्याच्या बारीक पांढऱ्या फुलांनी कोणता माळ सोडला आहे? त्याच्या परागांनी माणसांना दमा होतो, अंगाला खाज सुटते. घराणे थोर असले म्हणून घरातले सगळेच थोर निघतात असे नाही.

पण कॅमोमाइलची सख्खी भावकी पाहायची तर या मोठ्या कुळातला एकच वाडा पाहायला हवा. शास्त्रज्ञ त्याला 'अँथेमिडी' म्हणतात. त्यात सुमारे १७०० जाती आहेत. पाने चिरलेली आणि चुरगळताच उग्र वास, ही या वाड्याची सर्वसाधारण खूण. शेवंती याच वाड्यातली. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा याच वाड्यातला. जुन्या बायका बोलायला उशीर करणाऱ्या मुलाच्या जिभेला अक्कलकारा चोळीत. ते मूळ ज्याचे, ते उत्तर आफ्रिकेकडचे रोप हुबेहूब कॅमोमाइलसारखे फुलते, फक्त पाकळ्यांची पाठ लालसर. मलेरियावरचे आजचे प्रमुख औषध दवण्याच्या एका चिनी बहिणीकडून मिळाले. चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात लिहिले होते, की हा पाला पाण्यात भिजवून त्याचा रस पिळून प्यावा. तू यूयू या बाईंनी ते वाचले आणि त्यांच्या ध्यानात आले, की इतरांसारखा काढा उकळला तर उष्णतेने गुण जात असावा. त्यांनी तो कमी उष्णतेवर काढला. १९७२ साली औषधाचे शुद्ध द्रव्य हाती आले आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लाखो माणसांचे प्राण वाचले ते जुने पुस्तक नीट वाचल्यामुळे, ही गोष्ट मी दर वर्षी मुलांना सांगतो. वाचनाचा एवढा ठळक फायदा दाखवणारे दुसरे उदाहरण माझ्याजवळ नाही.

आणि या वाड्यातले एक फूल तर आपल्या पलंगाखाली जळत असते. युरोपात डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पाकळ्यांचे, पिवळ्या बटणाचे, कॅमोमाइलच्या तोंडवळ्याचे एक फूल होते. ते वाळवून कुटले तर किडे-डास मरतात. जपानमध्ये उएयामा एइइचिरो नावाच्या गृहस्थांनी ते लावले आणि १८९० च्या सुमारास त्याच्या भुकटीच्या उदबत्त्या केल्या. पण उदबत्ती पाऊण तासात संपे. डास रात्रभर असत. तेव्हा १८९५ मध्ये त्यांच्या पत्नी युकी यांनी सुचवले, की ती वेटोळ्या घातलेल्या सापासारखी गोल करा. १९०२ पासून ती वेटोळी वडी बाजारात आली. विसाव्या शतकाच्या मध्याला हे फूल सर्वांत जास्त केनियात पिकत असे. आजच्या बहुतेक वड्यांत फुलाऐवजी त्याच्याच धर्तीवर कारखान्यात केलेली रसायने असतात. वेटोळे मात्र युकीबाईंचेच आहे.

श्रावणात एका रात्री, आईचा चहा गाळून देताना, मी हे सगळे तिला सांगत होतो. तिला अशा गोष्टी आवडतात. मी म्हटले, "आई, सुईच्या टोकाएवढ्या या पिवळ्या फुलांचे तेल काढले तर त्याचा रंग कोणता येतो, सांग."

"पिवळा."

"गर्द निळा. फुलात निळे काहीच नसते. वाफेची आच लागली की आतले द्रव्य बदलते आणि निळे होते."

ती थोडा वेळ कप हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "तुझ्या वडलांचं असंच होतं." आणि एवढे बोलून गप्प राहिली. मीही काही विचारले नाही. रात्री अडीच वाजता माणसाला प्रश्न विचारू नयेत. त्याला सांगायचे असले तर तो आपणहून सांगतो.

वडील एस. टी. त कंडक्टर होते. दिवाळीत सगळ्या जगाला घरी पोचवायचे आणि आपण शेवटच्या गाडीने घरी यायचे, हा त्यांचा सण. पाडव्याला त्यांना रजा मिळाल्याचे मला आठवत नाही. पण कितीही उशीर झाला तरी ते आईसाठी वेणी आणीत. पानात गुंडाळलेली, ओल्या दोऱ्याने बांधलेली. ओटीवरूनच म्हणत, "शेवंतीची आहे बरं का." आई ओवाळून झाल्यावर ती माळी. या पलीकडे त्या दोघांचे प्रेम आम्हां मुलांना कधी दिसले नाही.

"शेवंतीची नसायची रे ती," आई म्हणाली. कप आता निवला होता. "रात्री स्टँडवरच्या बाईकडे शेवंती कुठली उरायला? सकाळीच संपलेली असायची. ती अॅस्टर बांधून द्यायची. पांढरा, जांभळा, असेल तो. ते म्हणायचे शेवंती."

"त्यांना कळायचं नाही?"

"त्यांना कुठलं कळायला. शेवंतीला कसा कडसर, स्वच्छ वास असतो. पान नुसतं हाताला लागलं तरी दिवसभर बोटांना राहतो. अॅस्टरला काही म्हणता काही वास नाही. केसांत घातली की मला लगेच कळायचं."

"मग तू सांगितलं नाहीस?"

"एकतीस वर्षं नाही सांगितलं." ती हसली. "उगीच सांगून काय करायचं? त्यांनी शेवंतीच आणलेली असायची."

मी नंतर पुस्तकातून पाहिले. अॅस्टर शेवंतीच्या मोठ्या कुळातला खरा, पण वाडा निराळा. इंग्रजांची ती हिरवळीवरची खरी डेझीही अॅस्टरच्याच वाड्यातली. डेझीच्या नावाचा मूळ अर्थ 'दिवसाचा डोळा'. कारण ती सूर्य मावळला की पाकळ्या मिटून घेते आणि उजाडले की उघडते. कॅमोमाइलचा आणि तिचा तोंडवळा इतका एक, आणि नाते मात्र लांबचे. शास्त्राने हे फरक शोधले ते छेद घेऊन, खवले मोजून, बियांच्या कडा पाहून आणि अलीकडे पेशींतल्या गुणसूत्रांपर्यंत पोचून. हे सगळे मला फार मोलाचे वाटते. चुकीचे फूल पेल्यात पडू नये, एवढ्यासाठी तरी ते हवेच. पण ज्या बाईला फरक पहिल्या क्षणी कळला आणि जिने तो एकतीस वर्षे डोक्यात माळला, तिच्या ज्ञानाला कोणत्या खान्यात घालावे, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

चहाने आईला झोप येते का, असे मनू दर आठवड्याला विचारते. खरे सांगायचे तर फारसा फरक नाही. कधी लागते, कधी नाही. आई म्हणते, "आपला गवती चहा याच्यापेक्षा बरा." पण खोकी संपत आली की दुसरी मागवायची आठवण तीच करते. रात्री बांगड्यांचा आवाज आला की मी उठतो, पाणी ठेवतो. पाणी उकळेपर्यंत आम्ही बोलतो. या वर्षात मला माझ्या आईविषयी जेवढे कळले तेवढे त्याआधीच्या चाळीस वर्षांत कळले नव्हते.

गेल्या पाडव्याला मी संध्याकाळी बाजारात गेलो. गर्दी ओसरली होती. फुलवालीकडे दोन्ही होते : थोडी पिवळी शेवंती, आणि पांढऱ्या अॅस्टरच्या बऱ्याच वेण्या. मी दोन्हींची एकेक घेतली. ती म्हणाली, "साहेब, एकच घ्या की दोन. दोन्ही सारखंच दिसतंय." मी म्हटले, "असू दे."

घरी आल्यावर काही न बोलता दोन्ही पुड्या आईच्या हातात दिल्या. तिने त्या सोडल्या. आधी एक नाकाशी नेली, मग दुसरी. बोटांनी एकेक फूल चाचपले. मग भिंतीला हात लावत ती वडिलांच्या तसबिरीपाशी गेली आणि पांढरी, बिनवासाची वेणी तिने तसबिरीला घातली.

"ही त्यांची," ती म्हणाली. "शेवंती सूनबाईला दे. तिला सांग, आत्ता माळ, उद्या वास राहणार नाही."